रेडवुडमध्ये, सोमवारच्या आधी

मंगळवार, १२ ऑगस्ट

तंबू उभा राहिला! आणि मी नाही, त्याने उभा केला. सकाळी घरी बुटाची नाडी बांधता येईना म्हणून रडकुंडीला आलेला माणूस — इथे पोचल्यावर दोर हातात घेतला आणि गाठीवर गाठ मारत सुटला. मी आपली खुंट्या पुरवत होते, तेही एका हाताने. शेवटची खुंटी ठोकून म्हणतो कसा, "नेडीन, खुंटी उलटी धरायची सवय काही तुझी गेली नाही." लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय. दरवेळी भांडायचे. आज भांडावंसं वाटलं नाही.

मग कमरेवर हात ठेवून वर बघत राहिला. ह्या रेडवुडच्या झाडांचे शेंडे काही दिसत नाहीत इथून, नुसती मान दुखते. बराच वेळ बघून झाल्यावर विचारलं, "आपण कुठे आलोय?"

उभा जन्म ह्या जंगलात रेंजर म्हणून काढला त्याने! मी म्हटलं, पार्कात. "कोणाच्या?" तुझ्याच की. हे पटलं. "मग ठीक आहे," म्हणाला आणि घडीच्या खुर्चीत बसून राहिला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

इथे तरी खरं लिहिते. सोमवारी वेंडेलला युरेका शहरातल्या त्या घरात सोडायचंय. विसरणाऱ्या माणसांचं घर. खोली मिळालीय, कागद झालेत, त्याच्या सगळ्या कपड्यांवर नाव शिवून झालंय — मोज्यांवरसुद्धा. मोज्यांवर नाव शिवताना मी जेवढी रडले तेवढी माझी आई गेली तेव्हाही रडले नव्हते.

दुसरा इलाज नाही, हे कळतं मला. मे महिन्यात मला चोर समजून त्याने असं ढकललं की मनगट मोडलं. अजून पट्टा आहे. त्याला त्यातलं काही आठवत नाही. रोज विचारतो, "हाताला काय झालं गं?" रोज सांगते, पडले. "अगं, जपून चालत जा ना!" म्हणतो, आणि चेहरा इतका काळजीचा!

इथली जागा फेब्रुवारीतच घेतलेली. सहा महिने आधी, सकाळी आठच्या ठोक्याला कॉम्प्युटरसमोर बसल्याशिवाय ऑगस्टात इथे तंबू टाकायला मिळत नाही. आमची कॉलीन दरवर्षी ते काम करते. तेव्हा त्या घराचं नावही कोणी काढलं नव्हतं. परवा विचारत होती, "सोडून देऊ का जागा, आई?" म्हटलं, खबरदार!

त्याला अजून सांगितलेलं नाही. कॉलीन म्हणते, "तुझ्याच्याने व्हायचं नाही ते. मी सांगते." मी म्हटलं, नवरा माझा आहे, मीच सांगणार. इथेच सांगणार. घरी तो आरशालाही घाबरतो. इथे कशालाच घाबरत नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

सकाळी दाट धुकं. झाडांवरून पाणी ठिबकत होतं, सगळं टेबल ओलं. मी शेगडीवर पॅनकेक टाकत होते. मागे वळून बघते तर काय — टेबलावर दोन निळे जे-पक्षी, एक त्याच्या गुडघ्यावर, आणि हा आपला पॅनकेकचे तुकडे मोडून त्यांना भरवतोय! "घे रे बाळा. घे. तुला नाही मिळाला? हा घे."

माझ्या हातातलं उलथणंच पडलं. वेंडेल! ज्याने एकदा लग्नाच्या अख्ख्या वऱ्हाडाला गवतातले केकचे कण वेचायला लावले — नवरीसकट! ती बिचारी झगा सावरत ओणवी झालेली, आणि हा वरून बोट दाखवतोय, "तिथे एक राहिला."

कारण ह्या झाडांच्या वरच्या फांद्यांवर समुद्रावरून एक छोटासा पक्षी येतो, मरलेट. शेवाळात वर्षाला एकच अंडं घालतो. खाली लोकांचं खरकटं पडलं की त्यावर हे निळे पक्षी गोळा होतात, इथेच मुक्काम ठोकतात, आणि मग वर जाऊन ते एकुलतं एक अंडं फोडून खातात. म्हणून इथे टेबलावर, जमिनीवर, कुठे म्हणजे कुठे एक कणही सांडायचा नाही. हे आता पार्कातल्या पाटीवर लिहिलेलं असतं. पाटी नव्हती तेव्हा वेंडेल होता. एकेका तंबूपाशी जाऊन लोकांचे कान किटेपर्यंत सांगायचा.

मी ओरडले. बसमध्ये ओरडायचे तशी — शाळेची बस चालवून चालवून आवाज कमावलाय मी. पक्षी उडाले. तो मात्र दचकून माझ्याकडे असा बघायला लागला की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि नेमकी तेव्हाच मारिसोलची गाडी आली. आता तीच इथली मोठी रेंजर. पहिल्या दिवशी तिला टोपी कशी घालायची हेसुद्धा वेंडेलने शिकवलं होतं. तिने टेबल बघितलं, त्याच्या हातातला तुकडा बघितला. जवळ येऊन गुडघे टेकून बसली. "सर, ते खाणं जरा माझ्याकडे देता?"

वेंडेलने तिच्याकडे आपादमस्तक पाहिलं. "नवीन दिसताय. एक लक्षात ठेवा बाई — इथे एक कणही सांडू द्यायचा नाही. पक्ष्यांना खायला घालणारे लोक शुद्ध मूर्ख असतात."

हातात पॅनकेक धरून!

मारिसोल हसली, मी हसले, आम्ही दोघी पोट धरून हसलो. वेंडेलही हसला, कशाला ते न कळता. मग मारिसोल उठून गाडीच्या पलीकडे गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा डोळे लाल. आम्ही दोघींनी रांगत रांगत सगळे कण वेचले.

"नियमाप्रमाणे मला तुम्हाला दंडाची चिठ्ठी द्यायला हवी, नेडीन."

"दे की मग."

"गप्प बसा हो तुम्ही."

मी डबा बंद करायला वळले तेव्हा त्याने तिला बाजूला घेतलं. त्याला वाटतं तो कुजबुजतो, पण पलीकडच्या तंबूतही ऐकू जातं. "हिच्यावर जरा लक्ष ठेवा हं. हल्ली विसरायला लागलीय. पडतेसुद्धा." ऐका! मी विसरते! मारिसोलने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठेवीन, सर." अंगाचा असा तिळपापड झाला माझा. मग वाटलं, कोणावर रागावतेस, बये?

गुरुवार, १४ ऑगस्ट

आज सांगणार होते. नदीच्या वाटेवर ब्लॅकबेरी पिकल्यात, त्या तोडल्या. दोघांची तोंडं जांभळी. सांगितलं नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

काल संध्याकाळी मारिसोल विचारून गेली होती — "शुक्रवारी शेकोटीपाशी मी लोकांशी बोलते, त्यात सरांना दोन शब्द बोलू देऊ का?" मी नको म्हणणार होते. पण वेंडेलने ऐकलं. "मी बोलणार," म्हणाला. झालं! आज सकाळपासून मला धडकी.

दुपारी त्याला जुन्या वाटेवर फिरायला नेलं, जरा डोकं शांत राहावं म्हणून. नेचे आता त्याच्या खांद्याला लागतात की तोच वाकलाय, कोण जाणे. वाकून आंबुशीची पानं तोडली, एक स्वतः चघळलं, एक माझ्या तोंडात घातलं. इथली आंबुशी फार आंबट. मी तोंड वाकडं केलं तर खदखदून हसला. असा हसला की मला आमचं पहिलं वर्ष आठवलं. तेव्हाही त्याने हेच केलं होतं, मला चिडवायला, आणि मी त्याच्याशी दिवसभर बोलले नव्हते. म्हटलं आता सांगावं. एवढ्यात तो म्हणाला, "तू माझ्यावर रागावली नाहीस ना?" कशाबद्दल, विचारलं. "कशाबद्दल असं नाही. पण नाहीस ना?" नाही रे बाबा. मग माझा हात धरला तो तंबूपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी ओंडक्यांचे बाक भरलेले. मुलंबाळं, म्हाताऱ्याकोताऱ्या, नेवाडाहून आलेला एक मोठा कुटुंबकबिला. मी पहिल्या रांगेत, जीव मुठीत धरून. मारिसोलने त्याची जुनी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि देवाशपथ, तो दोन बोटं उंच झाला!

आणि बोलला. काय बोलला! "मंडळी, वर बघा. तुमच्या डोक्यावर ह्या क्षणी एक आई बसलीय." सगळे वर बघायला लागले. पहाटे धुक्यातून समुद्रावरून येणारा पक्षी, शेवाळातलं एकच अंडं, सगळं जसंच्या तसं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. कुठे थांबायचं, कुठे आवाज बारीक करायचा, कुठे लोक हसतात, सगळं. नेवाडाच्या एका बाईने विचारलं, "आणि कोणी सांडलंच तर?" तर म्हणतो, "तर त्याला माफ करतो. वेचून झाल्यावर." टाळ्या! मी तर वेड्यासारखी वाजवत होते, मनगट दुखेपर्यंत. मनात आलं — कशाला न्यायचं ह्याला? हा बरा आहे. हा बघा, बरा आहे! कॉलीनला फोन करून सांगते, नाही यायचं म्हणून.

टाळ्या थांबल्या. त्याने टोपी सारखी केली. "मंडळी, वर बघा. तुमच्या डोक्यावर ह्या क्षणी एक आई बसलीय."

लोक हसले. गंमत करतोय असं वाटलं त्यांना. तो पुढे बोलत राहिला. धुकं, समुद्र, शेवाळ. हळूहळू सगळे गप्प झाले. कोणी उठलं नाही, हे मात्र खरं. त्या नेवाडाच्या बाईने तर पुन्हा तोच प्रश्न विचारला, योग्य जागी, अगदी गंभीरपणे. देव तिचं भलं करो. दुसऱ्यांदा संपलं तेव्हा मारिसोलने पटकन टाळ्या सुरू केल्या आणि मी त्याला दंड धरून खाली आणलं.

"कसं झालं?" विचारलं.

छान झालं, म्हटलं. फारच छान.

"आवाज पोचत होता ना मागपर्यंत?"

पोचत होता.

मला तो हवाय. असाच, अर्धामुर्धा, कसाही. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. हे कोणाला सांगू?

शनिवार, १६ ऑगस्ट

सांगितलं. म्हणजे — सांगावं लागलंच नाही.

नदीवर गेलो होतो, खडकाळ वाळूत चादर पसरून. गार कोंबडीची सँडविचेस, बटाट्याचं सॅलड. पाणी घोट्याएवढंच आहे ह्या दिवसांत. पलीकडच्या काठाला पोरं हवा भरलेल्या रबरी ट्यूबांवर पालथी पडून ओरडत होती. त्याने नीट खाल्लं, रुमालातले कण डब्यात झटकले. मी मनात वाक्य जुळवत होते. इतकी बोलभांड बाई मी, आणि एक वाक्य जुळेना! शेवटी म्हटलं होऊन जाऊ दे. "वेंडेल, सोमवारी —"

त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. हलकेच.

"नको बोलूस. मला माहीत आहे. कॉलीनने सांगितलंय."

मी त्याचा हात तोंडावरून काढला.

"चांगलं घर आहे म्हणे. बाग आहे. खिडकीतून खाडी दिसते. जेवण गरम असतं." आणि मग त्याचा आवाज फुटला. "मीच बोलायला हवं होतं तुझ्याशी. रोज ठरवत होतो. धीरच होईना."

"तू कशाला बोलायचंस रे राजा? माझं काम होतं ते."

"नाही, नाही. नवऱ्याचं काम असतं."

मग आम्ही दोघं रडलो. चांगले हुंदके देऊन, लहान मुलांसारखे. पलीकडची पोरं ओरडायची थांबली. थांबू देत! त्याने आपल्या बाहीने माझे डोळे पुसले, मग त्याच बाहीने स्वतःचे. मी इतके दिवस जिवाला घोर लावून घेतला होता की कळल्यावर घाबरेल, चिडेल, मला शिव्या देईल. आणि हा माझंच सांत्वन करतोय! कुठून आणलं एवढं शहाणपण, ह्या अवस्थेत? माणूस मुळात चांगला असला की डोकं गेलं तरी चांगुलपणा जात नाही बहुतेक. छातीवरचं मोठं ओझं उतरलं.

दुपारी रस्त्यावरच्या दुकानापाशी गेले. तिथे फोनला जरा रेंज मिळते. कॉलीनला फैलावर घेतलं. तुला सांगितलं होतं ना, मी सांगेन म्हणून?

"किती ओरडशील, आई! सांगितलं मी, हो. मागच्याच आठवड्यात. जास्त काही नाही, एवढंच म्हटलं, बाबा, आईला आता झेपत नाही, म्हणून युरेकाला एक चांगलं घर बघितलंय. सोमवारी जायचं."

"मग? काय म्हणाला?"

"मग म्हणाले, आईला फार त्रास होऊ देऊ नकोस." कॉलीनही रडायला लागली. "तुझीच काळजी गं त्यांना. अजून."

दुकानातली मुलगी विचारायला लागली, बाई, बरं वाटतंय ना? म्हटलं, बरं वाटतंय. आणि खरंच वाटत होतं.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

एक लिहायचं राहिलं. परत येताना त्याने विचारलं, "तिथे भेटायला रोज येऊ देतात का?" हो, म्हटलं, रोज. "मग ठीक आहे." आणि शीळ घालायला लागला.

रविवार, १७ ऑगस्ट

आवराआवर. तंबू उतरवताना मात्र त्याचे हात चालेनात. गाठी सुटेनात त्याला. मीच सोडल्या, एका हाताने, दातांनी. तो उभा राहून नुसता बघत होता.

माझे कपडे त्याने स्वतः भरले. मी नको नको म्हणत होते. स्वेटरची घडी चार वेळा मोडून पुन्हा घातली. "हा गरम आहे, हा वरच राहू दे," म्हणाला. इतकी माया ह्याने पूर्वी कधी दाखवली नव्हती, खरं सांगते. प्रेम होतं, पण मुकं. आता जाता जाता सगळं बाहेर येतंय. देवा, हे असं का करतोस? तुसडा ठेवला असतास तर सोडणं सोपं तरी गेलं असतं.

मारिसोल निरोप द्यायला आली. त्याने तिला मिठी मारली, आणि जमिनीवर एक कण दिसला म्हणून तिला वेचायला लावला. तिने वेचला.

निघताना गाडी फाटकापाशी जरा थांबवली. वर बघ, म्हटलं. तो वर नाही, माझ्याकडे बघत होता. "मी भित्रा आहे, नेडीन," म्हणाला. मी म्हटलं, तू? तू नाही रे. भित्री तर मी आहे.

सोमवार, १८ ऑगस्ट

दारात ग्रेटा नावाची परिचारिका उभी होती. हसून पुढे आली. वेंडेलने माझ्या कपड्यांची पिशवी तिच्या पायाशी ठेवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला हळूच पुढे केलं.

"ही माझी बायको. ओरडते जरा, पण मनाने फार चांगली आहे. सांभाळा हं तिला."

मग माझ्या कपाळाचा मुका घेतला. रडत होता. "रोज येईन गं मी. शपथ. रोज येईन."

आणि वळून गाडीकडे चालायला लागला.